पुरचुंडीची गाठ

फॉर्मिक ॲसिडला तांबड्या मुंग्यांचा वास येतो. आंब्याच्या झाडावर पानं शिवून केलेलं त्यांचं घरटं चुकून चुरडलं की हाताला जो आंबट, नाकात झोंबणारा वास राहतो, तोच. त्या बुधवारी तो दिवसभर माझ्या बोटांना होता आणि संध्याकाळी सहाला हात धुऊन मी खुशीत घरी गेले. टेबलावर टिपकागदावर १६ नाणी वाळत होती, प्रत्येकाचा चेहरा लख्ख. दुसऱ्या दिवशी सकाळी अकराच्या सुमाराला मला कळलं, की आदल्या दिवशी मी काय धुऊन टाकलं. कदाचित. हे 'कदाचित' काही केल्या सुटत नाही, म्हणून लिहायला बसले.

मी जुन्या धातूच्या वस्तूंचं जतन करते. शिकले पुण्यात, मग फ्रान्समध्ये, आणि सध्या फ्रान्सच्या पश्चिम टोकाला, ब्रिटनीत, एका छोट्या प्रयोगशाळेत आहे. वडील हुपरीचे, चांदीकाम करणारे. गावात अजूनही "ह्यांची पोरगी तिकडं म्युझियममध्ये भांडी घासती" असं सांगतात, आणि खरं सांगायचं तर फार चुकीचं सांगत नाहीत. फरक इतकाच, की मी दिवसातले पाच-सहा तास मायक्रोस्कोपवर मान घालून नखाएवढी जागा साफ करते आणि उरलेले दोन तास काय काढलं, कशानं काढलं, का काढलं ते लिहिते. लिहिण्याचा पगार वेगळा मिळत नाही.

एका संग्रहालयाच्या कोठारातून आमच्याकडे तंबाखूचा एक पत्र्याचा डबा आला. आत पिवळा पडलेला कापूस आणि कापसात रुतलेला, मुठीएवढा हिरवा गोळा. सोबत एकोणिसाव्या शतकातल्या कुणाच्या तरी वळणदार अक्षरातली चिठ्ठी. जमातीचं नाव, बस. कुठे सापडलं, कुणाला सापडलं, काही नाही. त्या काळच्या हौशी संग्राहकांचा मला मनापासून राग आहे. अक्षर सुंदर काढायचे आणि कामाचं एक वाक्य लिहायचे नाहीत.

जमातीचं नाव कोरिओसोलीत. तुम्ही ऐकलं नसेल तर वाईट वाटून घेऊ नका, फ्रान्समध्येही अर्ध्या लोकांनी ऐकलेलं नाही. आजच्या कोत-दार्मोर जिल्ह्याच्या पूर्व भागात, समुद्रालगत राहणारी गॉल लोकांची, म्हणजे रोमनांआधीच्या फ्रान्समधल्या लोकांची, एक छोटी जमात. त्यांनी स्वतःबद्दल लिहिलेलं काहीही उरलेलं नाही. रोमन सेनापती सीझरनं गॉलच्या युद्धांचा जो वृत्तांत लिहिला, त्यात चार ठिकाणी त्यांचं नाव येतं आणि चारही वेळा यादीत, इतर जमातींच्या रांगेत. इ.स.पू. ५७ मध्ये सीझरचा अधिकारी पुब्लिउस क्रास्सुस एका सैन्यदलानिशी आला आणि समुद्रकाठच्या सगळ्या जमाती शरण आल्या असं कळवून मोकळा झाला. त्याच हिवाळ्यात रोमनांना धान्य कमी पडलं, तेव्हा ठिकठिकाणी अधिकारी पाठवले गेले. कोरिओसोलीतांकडे आला तो मार्कुस त्रेबिउस गाल्लुस. धान्य मागायला आलेल्या त्या माणसाला ह्यांनी परत जाऊच दिलं नाही. शेजारच्या व्हेनेतींनी दोघांना अडकवलं होतं, त्यांचं बघून इतरांनीही केलं. क्रास्सुसकडे ओलीस दिलेली आमची माणसं सोडा, मग तुमचे अधिकारी घेऊन जा, असा रोखठोक हिशोब. पुढे ५६ मध्ये व्हेनेतींचं आरमार बुडालं, सीझरनं त्यांच्या वडीलधाऱ्या सभासदांना ठार केलं आणि बाकीच्यांना गुलाम म्हणून विकलं. आमच्या कोरिओसोलीतांवर आणि त्यांच्या शेजाऱ्यांवर तीन सैन्यदलं घेऊन सीझरचा सेनानी सबिनुस गेला. चार वर्षांनी, ५२ मध्ये, अलेसियाला रोमनांच्या वेढ्यात सापडलेल्या गॉल सेनानी वेर्सिंजेतोरिक्सच्या मदतीला कुणीकुणी माणसं पाठवायची, त्या यादीत पुन्हा एकदा नाव. संपलं. त्रेबिउस गाल्लुसचं काय झालं, तो सुटला की मेला, हेसुद्धा सीझर सांगत नाही.

म्हणजे एका जमातीचं लिखित चरित्र केवढं, तर पोस्टकार्डावर मावेल एवढं, तेही शत्रूच्या हातचं. बाकी जे आहे ते नाण्यांत. आणि नाणी मात्र ह्या लोकांनी भरपूर पाडली. जवळच्या जर्सी बेटावर १९३५ मध्ये ला मार्कांदेरी इथे अकरा हजारांवर सापडली. तिथेच २०१२ मध्ये दोन हौशी लोकांना तीस वर्षांच्या शोधानंतर एका शेतात जो गोळा सापडला, त्यात जवळजवळ ७०,००० नाणी निघाली, बहुतेक कोरिओसोलीतांची. तो सुटा करायला तीन वर्षं लागली. आपल्याकडे नाशिकजवळ जोगळटेंभीला १९०६ मध्ये क्षत्रप राजा नहपानाची तेरा हजारांवर नाणी सापडली, त्यातल्या नऊ हजारांवर गौतमीपुत्र सातकर्णीनं आपला ठसा मारलेला. तिथे हरलेल्याच्या चेहऱ्यावर जिंकलेल्याचं चिन्ह तरी आहे. ह्यांच्या नाण्यांवर कुणी ठसा मारायचीही तसदी घेतली नाही. ती नुसती जमिनीत राहिली.

नाणं दिसतं कसं? एका बाजूला कुरळ्या केसांचा चेहरा, केसांच्या बटा शंखाच्या वेटोळ्यांसारख्या. दुसऱ्या बाजूला घोडा, त्याच्या पायाखाली कुठे रानडुक्कर, कुठे वीणेच्या जातीचं एक वाद्य. मूळ नमुना मॅसिडोनियाच्या दुसऱ्या फिलिपच्या सोन्याच्या नाण्याचा. त्यावर अपोलोचं मस्तक आणि मागे दोन घोड्यांचा रथ. नकलेची नक्कल होत होत रथ गळाला, एक घोडा गळाला, सारथ्याची नुसती रेघोटी उरली. आपल्याकडची जुनी गधैया नाणी पाहिलेल्याला हे वेगळं सांगायला नको. इराणच्या सासानी राजाचं मस्तक आणि अग्निवेदी घासत घासत शेवटी ठिपके आणि रेघा उरतात, आणि लोक त्यात गाढव शोधतात. पण कोरिओसोलीतांच्या कारागिराला नुसता नकलाकार म्हणणं मला जड जातं. त्यानं अपोलो टाकून दिला आणि आपल्या मनातला चेहरा काढला. डोळा कसा, नाक कसं, घोड्याखाली काय, ह्यांवरून ह्या नाण्यांचे सहा वर्ग पाडतात. ती वर्गवारी जर्सीच्या नाण्यांवरून मेजर रायबॉट ह्यांनी केली, एकेका नाण्याचं चित्र काढून. गृहस्थ पूर्वी ब्रिटिशांच्या भारतीय लष्करात होते. आमच्या कामात कॅमेऱ्यापेक्षा पेन्सिल जास्त बघते, हे मला त्यांची चित्रं बघून पटलं. हे वाक्य लक्षात ठेवा, पुढे ते माझ्यावरच उलटणार आहे.

आता धातू. हे स्टेटर नावाचं नाणं साडेसहा ग्रॅमच्या आसपास भरतं आणि त्याला चांदीचं नाणं म्हणतात. चांदी कमी, तांबं जास्त. हुपरीच्या भाषेत, हीण. पहिल्या आठवड्यात मी बाबांना व्हिडिओ कॉलवर गोळा दाखवला, तर त्यांनी चष्मासुद्धा लावला नाही.

"ह्यात चांदी कुठाय गं? नुसतं तांबं हाय हे."

"वरवर मोजली तर बरी येते, बाबा."

"वर येणारच की. आम्ही न्हाय का करत? तापवायचं, आंबट पाण्यात टाकायचं, वरचं तांबं जातं, चांदी वर दिसती. गिऱ्हाईक खूश."

त्यांनी हे जे सहज सांगितलं, ते समजावून द्यायला मला संग्रहालयाच्या लोकांबरोबर दोन बैठका घालवाव्या लागल्या होत्या. क्ष-किरणांनी धातू ओळखणारं बंदुकीसारखं यंत्र आमच्याकडे आहे. नाण्यावर रोखलं की पडद्यावर टक्केवारी येते आणि सगळे भारावतात. पण ते फक्त पृष्ठभाग वाचतं. हिणकस नाण्यातलं पृष्ठभागाजवळचं तांबं दोन हजार वर्षांत मातीत झिरपून गेलेलं असतं, काही टाकसाळीतच उजाळा देताना गेलेलं असतं. त्यामुळे वरचा आकडा चढा येतो, आतला वेगळाच असतो. आत बघायचं तर नाणं कापावं किंवा पोखरावं लागतं, आणि ते कुणी करू देत नाही. मग माहितीच्या पाटीवर तो वरचा आकडाच छापतात. छापा.

आणि तांब्याचं पुढे काय होतं ते कल्हई नसलेल्या पितळी भांड्यात ताक ठेवणाऱ्या कुणालाही माहीत आहे. कळंक. जमिनीत नाण्यांना शतकानुशतकं कळंक चढतो, शेजारशेजारची नाणी त्यात चिकटतात आणि गोळा होतो. तो सोडवताना प्रत्येक नाण्याला काढण्याआधी नंबर द्यायचा, जागा नोंदवायची, फोटो काढायचा, मग पाती सरकवून सुटं करायचं. मोठी ढेकळं स्काल्पेलनं, म्हणजे डॉक्टरांच्या बारीक सुरीनं, मग सौम्य फॉर्मिक ॲसिडमध्ये बुडवून, दर थोड्या वेळानं काढून बघत, मऊ ब्रशनं घासून, भरपूर स्वच्छ पाण्यानं धुऊन, वाळवून. हे ॲसिड कळंक खातं, धातूला जवळजवळ हात लावत नाही. ज्यांना हे 'घासणं' वाटतं त्यांनी एकदा शिवराईला चिंच-मीठ लावून चकचकीत करणारे आपले काका आठवावेत. तीनशे वर्षांचं नाणं दहा मिनिटांत संपवतात आणि वर गणपतीच्या आरासीत ठेवतात.

गोळ्यात नाणी होती ४३. वरची १६ बरीच सैल होती, नुसत्या धक्क्यानं सुटत होती. त्यांच्याखाली बाकीची अंगाला अंग लावून बसलेली, आणि तीही कशी, तर चळती लावल्यासारखी. तीन चळती एकमेकींना टेकून कलंडलेल्या. हे बघून मी सोमवारीच आमच्या प्रमुख बाईंना म्हटलं, हे सांडलेलं नाही, हे मोजून ठेवलेलं आहे. त्या म्हणाल्या, छान निरीक्षण, अहवालात लिही, पण प्रदर्शन पाच आठवड्यांवर आहे आणि संग्रहालयाला किमान डझनभर चेहरे दिसायला हवेत. बाई वाईट नाहीत. कामात माझ्यापेक्षा वीस वर्षांनी पुढे आहेत. पण "झालं" हा शब्द त्यांच्या तोंडी जरा लवकर येतो. तारीख त्यांनी लादली, कबूल. घाई मात्र माझी. वरच्या १६ नाण्यांचे फोटो मी समोरून, सपाट उजेडात काढले. दिवा बाजूनं तिरपा धरून दुसरा फोटो काढायचा असतो, म्हणजे बारीक उंचसखल दिसतं. त्याला प्रत्येकी पाच-सहा मिनिटं लागतात. चित्र काढायला वीस. मी दोन्ही वाचवली.

गुरुवारी सकाळी गोळा उलटा केला. खालची बाजू त्या जुन्या कापसात रुतली होती, संग्राहकानं बहुधा डिंकानं चिकटवली होती. चिमट्यानं कापसाचे तंतू ओढत होते. कंटाळवाणं काम, रेडिओ लावला होता. १७ नंबरच्या नाण्यावरचा एक पुंजका ओढायला चिमटा पुढे केला आणि हात थांबला. का थांबला ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्या तंतूंचा रंग हिरवा होता, पण ते काही विशेष नव्हे, कळंकाशेजारचा कापूस हिरवाच होतो. तंतू ओळीत होते. कापूस ओळीत नसतो. मायक्रोस्कोपखाली आणखी मोठं करून बघितलं. एक वर, एक खाली. पुढच्या ओळीत एक खाली, एक वर.

कापड होतं.

कापड म्हणजे खरं तर कापडाची जागा. तांब्याचे क्षार जंतूंना मारतात, त्यामुळे नाण्याला चिकटलेलं सूत, चामडं, लाकूड कुजायच्या आधी क्षार त्यात शिरतात आणि हळूहळू त्याचं रूप घेतात. धागा जातो, धाग्याचा हिरवा दगड उरतो. बोटानं दाबला तर पीठ. तुकडा जेमतेम दोन सेंटिमीटर, १७ नंबरच्या चेहऱ्यावरून सुरू होऊन शेजारच्या दोन नाण्यांच्या कडांवर चढलेला. आणि कडांवर त्याला चुण्या होत्या.

मी रेडिओ बंद केला. मग मान वळवून पलीकडच्या टेबलावरच्या टिपकागदाकडे बघितलं. सोळा लख्ख चेहरे.

तुम्ही म्हणाल, खाली कापड होतं म्हणून वर असेलच असं नाही. हेच आमच्या बाई म्हणाल्या. हेच मी स्वतःला तासभर सांगत होते. त्या दिवशी मी आणखी एकही नाणं हलवलं नाही. तिरप्या उजेडात त्या तुकड्याचे दीडशेहून जास्त फोटो काढले, माणूस चोरी झाल्यावर जसं मोठं कुलूप आणतो तसे. दुपारी बाबांना एक फोटो पाठवला. फोन लगेच आला.

"अगं, पुरचुंडी हाय की ही."

"कशावरून?"

"चुण्या बघ की. सगळ्या वर, एकाच जागी चालल्यात. तुझी आजी बाजाराला जाताना असंच बांधायची, लुगड्याच्या फाडलेल्या तुकड्यात. मग कनवटीला." थोडं थांबून त्यांनी विचारलं, "गाठ कुठाय?"

मला उत्तर देता येईना. गाठ वरच्या बाजूला असणार. चुण्या जिकडे चालल्या होत्या तिकडे. म्हणजे एक ते सोळा.

"आणि किती नाणी म्हणालीस? त्रेचाळीस? म्हणजे पन्नास बांधली असतील. सात खर्चली." बाबांना हा विनोद वाटला होता. मला तो अजूनही विनोद वाटत नाही, कारण तीन चळती मोजून लावणारं माणूस कुठल्या तरी पूर्ण आकड्यानं सुरुवात करणार, हे खरंच आहे. धान्य विकून आलेले, की त्रेबिउससारख्या कुणाला द्यायचे म्हणून बाजूला काढलेले, की लग्नातले, काय कळायचं. सीझर त्यांच्याकडे धान्याला माणूस पाठवतो, एवढं आपल्याला माहीत. ते धान्य कुणी पिकवलं, पैसे कुणी फडक्यात बांधले, हे त्याच्या चार ओळींत कुठून येणार? आणि ते जिथे आलं असतं तिथे मी ब्रश घेऊन बसले होते.

रात्री घरी जाऊन माझ्याच नोंदी उघडल्या. एक ते आठ, काही नाही. नऊ नंबरसमोर माझ्या अक्षरात लिहिलं होतं, 'कानाच्या वरच्या बाजूला हिरवा उंचवटा, साधारण ४ मि.मी., मऊ. स्काल्पेलनं काढला.' फोटो उघडला. समोरून, सपाट उजेड. एक हिरवा डाग. त्याच्या कडेला काहीतरी रेषेसारखं, जे वेटोळं असू शकतं, कळंकाची चीर असू शकते आणि कॅमेऱ्याचा हलका धक्काही असू शकतो. मी तो डाग इतका मोठा करून बघितला की शेवटी चौकोनच उरले. उंचवट्याला 'मऊ' हा शब्द मी वापरलाय. कळंकाचं ढेकूळ सहसा कुरकुरीत तुटतं. मऊ का लिहिलं? हाताला तसं लागलं म्हणून लिहिलं, आणि हाताला जे लागलं त्याच्यावर डोक्यानं एक क्षणही घालवला नाही.

शुक्रवारी लवकर गेले, तर कचऱ्याची पेटी गुरुवारीच रिकामी झालेली. सफाईला येणाऱ्या मावशींनी (आमच्या सगळ्या इमारतीत वेळेवर काम करणाऱ्या त्या एकट्याच, हे दुर्दैव) पिशवीसुद्धा नवी लावली होती. धुतलेल्या पाण्याचा गाळ मात्र गाळणीच्या कागदावर शिल्लक होता. तो मी मायक्रोस्कोपखाली इंचाइंचानं बघितला. तीन तंतू सापडले. दोन माझ्याच टिपकागदाचे निघाले. तिसरा दुसऱ्या शहरातल्या जुन्या कापडांच्या तज्ज्ञाकडे १७ नंबरच्या फोटोंसोबत पाठवला.

उत्तर तीन आठवड्यांनी आलं. तुकड्याची वीण साधी, धागा जवसाच्या देठासारख्या वनस्पतीचा असण्याची शक्यता मोठी. मी दोन शंका विचारल्या होत्या. पहिली, हे फडकं त्या एकोणिसाव्या शतकातल्या संग्राहकाचंच नसेल ना? नाही, असं त्यांचं मत. धागा आतून जाऊन त्याच्या जागी क्षार भरायला ओलसर जमीन लागते, कोरड्या डब्यात हे होत नाही. दुसरी, ही पुरचुंडी आहे का? त्यावर त्यांनी लिहिलं, की चुण्यांचा रोख एका बिंदूकडे दिसतो हे खरं, पण दोन सेंटिमीटरच्या तुकड्यावरून पिशवी, फडकं आणि कपड्याचा पदर ह्यांत फरक करायला आपण तयार नाही. तिसऱ्या तंतूबद्दल एकच ओळ: फार आखूड, सांगता येत नाही. सावध माणूस. मला त्याचा राग आला आणि आदरही वाटला. त्याच्या जागी मी असते तर मीही तेच लिहिलं असतं, पण त्यानं आजीची कनवटी बघितलेली नाही.

त्या तीन आठवड्यांत एका रविवारी मी कोर्सलला जाऊन आले. हे गाव म्हणजे कोरिओसोलीतांची रोमन काळातली राजधानी, जमातीचं नावच झिजून गावाला राहिलंय. हरल्यानंतर त्यांचं काय झालं, तर हे झालं. रोमन पद्धतीचे रस्ते, दुकानं, घरं, आणि गावाबाहेर ओ-बेशरेलच्या टेकाडावर देवळाचा अष्टकोनी बुरूज, अर्धा पडलेला, उरलेला अजून तीन मजली उंच. देऊळ मार्सचं मानतात. जिंकणाऱ्यांच्या युद्धदेवाचं देऊळ हरलेल्यांच्या राजधानीत. नुसते शरण गेले म्हणावं, की आपलाच कुठला तरी जुना देव त्यांनी त्या नावाखाली बसवला? गॉलमध्ये बरेच मार्स असे आतून वेगळे आहेत. बुरुजाखाली उभं राहून पावसात माझी छत्री उलटली, एवढा निष्कर्ष मी काढला. तिसऱ्या शतकाच्या शेवटाला तर राजधानीच इथून उठून समुद्रकाठी आलेतला, आजच्या सें-मालोजवळ, गेली.

गावच्या चर्चमध्ये एक थडग्याचा दगड आहे, लॅटिन अक्षरांचा. सिलिशिया नामगिद्दे नावाच्या बाईचा. ती आफ्रिकेची. मुलावरच्या विलक्षण मायेपोटी त्याच्या पाठोपाठ इथवर आली, ६५ वर्षं जगली, इथेच आहे, मुलगा गायुस फ्लाविउस यानुआरिउस ह्यानं दगड बसवला. एवढाच मजकूर. सगळ्या जमातीच्या राजधानीत जाऊन मला नावागावानिशी भेटलं कोण, तर परदेशातून मुलाकडे आलेली एक आई. माझी आई दोन वर्षांपूर्वी तीन महिने आली होती. ऑक्टोबरमध्ये स्वेटरवर शाल घेऊन खिडकीपाशी बसायची आणि इथले कपडे वाळतात तरी कसे, असं रोज विचारायची. नामगिद्देनंही विचारलं असणार. त्या दगडापाशी मी जरा जास्तच वेळ थांबले.

परत आल्यावर प्रश्न उभा राहिला तो १७ नंबरचा. कापड त्याच्या चेहऱ्यावर आहे. त्यामुळे डोळा-नाक दिसत नाही, आणि डोळा-नाक दिसल्याशिवाय सहांपैकी नेमका वर्ग सांगता येत नाही. मागच्या बाजूला घोड्याखाली रानडुक्कर आहे, त्यामुळे काही वर्ग वगळता येतात, पण तेवढंच. संग्रहालयाचा निरोप आला की वर्ग कळला तर बरं, यादी अपुरी दिसते. म्हणजे कापड काढा. हे त्यांनी लिहिलं नाही, पण दुसरा अर्थ निघत नव्हता. मी लिहून कळवलं, की अशी हजारो नाणी जगात आहेत आणि त्यांच्या चेहऱ्यांना तोटा नाही, हे फडकं मात्र एकच आहे. बाई माझ्या बाजूनं उभ्या राहिल्या, ह्याचं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्या खालच्या तीन नाण्यांना आम्ही तसंच ठेवलं. तुकड्यावर राळेचा पातळ थर दिला, म्हणजे तो सुटणार नाही, आणि ओल शोषणाऱ्या दाण्यांबरोबर बंद पेटीत. अहवालात नऊ नंबरचा उंचवटा मी पूर्ण लिहिला. 'मऊ' हा शब्द ठेवला. 'गाठ असण्याची शक्यता नाकारता येत नाही' असं वाक्य लिहून खोडलं, पुन्हा लिहिलं. बाईंनी ते राहू दिलं, फक्त समासात पेन्सिलीनं विचारलं, 'हे तुझ्यासाठी की अहवालासाठी?' उत्तर मी दिलेलं नाही.

प्रदर्शन वेळेवर उघडलं. उद्घाटनाला मला बोलावणं होतं, गेले नाही. नंतरच्या रविवारी तिकीट काढून गेले. काळ्या मखमलीवर सोळा चेहरे ओळीत, वरून दिवे. एक बाई नवऱ्याला म्हणत होती, आज ह्याचे किती येतील? नऊ नंबर डावीकडून तिसरा होता. कानाच्या वरची जागा स्वच्छ, बटेचं वेटोळं अगदी रेखीव. उत्तम काम, कुणीही म्हणेल. पाटीवर जमातीचं नाव, धातू, ती चढी टक्केवारी.

१७ नंबर त्याच्या दोन शेजाऱ्यांसकट कोपऱ्यात होता. घोडा वर करून ठेवलेला. कापडाची बाजू खाली, मखमलीवर. पाटीवर कापडाबद्दल एक ओळ होती, त्यामुळे ज्यांनी वाचलं ते घोड्यात कापड शोधत होते. मी काचेशी वाकून, गाल जवळजवळ काचेला लावून, खालून काही दिसतं का ते बघत होते. कडेवरची एक चुणी दिसत होती, हिरवी, सुईच्या टोकाएवढी. तेवढ्यात पहारेकरी आला आणि अगदी सौजन्यानं म्हणाला, मादाम, काचेला टेकू नका, डाग पडतात.